सैल झाकणं

साखरेची बरणी उचलली आणि झाकण हातात आलं, बरणी ओट्यावरच राहिली. आत मुंग्यांची जत्रा भरलेली.

"घ्या," गादीवाली म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, म्हणजे सुनेलाच.

सून आली, मुंग्या झटकल्या, साखर चाळणीत ओतली. विसरले, आई, एवढंच म्हणाली. त्यावर गादीवालीने तिला ऐकवलं की आज झाकण विसरलीस, उद्या बाजारात स्वतःलाच विसरून येशील. सून हसली आणि बरणीवर झाकण पुन्हा नुसतं टोपीसारखं ठेवून निघून गेली.

हे साखरेचंच नव्हतं. मीठ, डाळ, तेलाची बाटली, दाताच्या पेस्टचं टोपणसुद्धा, सगळं सैल. नळ असा अर्धवट बंद केलेला की रात्रभर टपटप. आधी ही मुलगी अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा लोणच्याची बरणी अशी आवळायची की उघडायला नवऱ्याला दुकानातून बोलवावं लागे. थंडी सुरू झाल्यापासून तिच्या हाताचं वळणच गेलं होतं. चारचौघांत तक्रार करण्यासारखी गोष्ट होती, आणि गादीवालीने ती चारचौघांत केलीही होती. शेजारीण, कापूसवाला, गिऱ्हाईक, कोणाला सोडलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. ती स्वतः बरणी बोटांनी उचलत नसे. दोन तळव्यांच्या मध्ये धरून उचलत असे, गरम पातेलं उचलावं तसं.

दुकान पुढे, घर मागे. गाद्या, उशा, लोड. कापूस भरणारी माणसं दोन होती, पण गादीचा काठ शिवायचं काम नवरा गेल्यापासून तिचंच. वीतभर लांबीचं दाभण कापसातून आरपार काढायचं, सुतळी मुठीला गुंडाळायची आणि अशी ओढायची की काठ दगडासारखा उभा राहिला पाहिजे. शाळा तिची दुसरीतच सुटली. पण हिची गादी एकदा घेतली की नातवंडं लोळेपर्यंत काठ बसत नाही, असं लोक म्हणत, आणि ते म्हणाले नाहीत तर ती स्वतः म्हणे.

आता तीच पहाटे सगळ्यांच्या आधी उठून दुकानाच्या मागच्या अंगाला, कापसाच्या गठ्ठ्यांआड, बादलीत गरम पाणी घेऊन बसत होती. झोपेतून उठलं की दोन्ही हातांची बोटं लाकडाची झालेली असत. बोटांच्या मुळाशी सांधे सुजून वाटाण्यांसारखे वर आलेले, हात लावला तर ऊन लागणारे. पाण्यात हात बुडवून बसायचं, एकेक बोट दुसऱ्या हाताने सोडवायचं. घरचे उठले की बादली उलटी करून त्यावर बसायचं आणि म्हणायचं, कापूस बघत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आवडतं बोलणं. हल्ली ती ते बोलत नसे. मूठ झाकतच नव्हती.

दुखण्याला ती भीत नव्हती. तीन बाळंतपणं आणि एक नवरा सोसलेली बाई दुखण्याला काय भिणार. तिला भीती होती ती चमच्याची.

तिची थोरली बहीण, अक्का. अक्काची बोटं अशीच आधी सुजली, मग हळूहळू करंगळीच्या बाजूला कलली, वाऱ्याने गवत एका अंगाला झोपावं तशी. वैद्य म्हणाला वात आहे, तेल चोळा. तेल चोळलं. शेवटी अक्काला घास उचलता येईना. घरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं, लागण नको म्हणून. भरवायला कोण, तर ही धाकटी. चमचा तोंडाजवळ आला की अक्का डोळे मिटून घ्यायची. घास संपेपर्यंत उघडायची नाही. जिने सगळ्या गल्लीला शब्दांनी सोलून काढलं होतं ती बाई, आणि चमच्यासमोर डोळे मिटलेली.

अक्काचं उष्टं कितीदा बोटांना लागलं होतं. तिथूनच आलं हे, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. उशिरा आलं, पण आलं.

आणि मग ती गादी. आदल्या दिवशी तिने काठ शिवला तेव्हा शेवटच्या हातभर टाक्यांना ओढ बसली नव्हती, हे तिलाच ठाऊक होतं. मूठ सुटत होती. उद्या बघू म्हणून तिने वर चादर टाकली. सकाळी चादर काढली तर काठ दगडासारखा. तिने टाक्यांवरून अंगठा फिरवला. सुतळी तीच, पण हात तिचा नव्हता. ती दाभण तिरकं घालते, हे सरळ घातलेलं. कोणीतरी उसवून पुन्हा शिवलं होतं.

विचारावं तर काय विचारावं? माझे टाके कोणी घट्ट केले? म्हणजे ते सैल होते, हे आपल्याच तोंडाने. तिने गादी गिऱ्हाइकाला दिली आणि पैसे गल्ल्यात टाकले. घरात झाकणं सैल होत होती, दुकानात टाके घट्ट होत होते. कोणाचा तरी तिच्या खुर्चीवर डोळा होता. आज टाके, उद्या चाव्या, परवा कोपऱ्यात एक खाट आणि चमचा.

त्याच आठवड्यात एका दुपारी सून तिच्यासमोर येऊन बसली. माझे हात दुखताहेत, म्हणाली. सकाळी उठवत नाही. डॉक्टरांकडे जायचंय, ह्यांना दुकान सोडून येता येणार नाही, तुम्ही चला.

"हात दुखायला तू काय डोंगर फोडलेस?"

"मला भीती वाटते, आई. एकटीने जायची."

गादीवाली मनात मोजायला लागली. एकच तांब्या दोघींच्या हातात. एकच बादली, तिच्यात सकाळी आपण हात बुडवायचे आणि मग हिने तिच्यातच फडकी धुवायची. अक्काकडून मला, माझ्याकडून हिला. आणि हिच्याकडून? नातीच्या वेण्या घालणं तिने स्वतः कधीच सोडलं होतं, मोठी झालीस, आपली आपण घाल म्हणून. आता त्या वेण्या ही घालत होती, याच हातांनी.

ती उठली, शाल घेतली, शालीत हात घेतले.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. समोरच्या बाकावर एक माणूस गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता, गुडघा पळून जाईल असा. त्याच्या शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर तिचे हात. गादीवालीने एकदा ते हात बघितले आणि मग भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. बोटं एका अंगाला कललेली. बाई अक्काहून कितीतरी लहान होती.

आत डॉक्टरीणबाई होत्या, सुनेपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. सून खुर्चीवर, गादीवाली मागे स्टुलावर. डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं आणि सून बोलायला लागली, पाठ केल्यासारखी.

सकाळी उठल्यावर मुठी वळत नाहीत, तासभर तरी. दोन्ही हात, सारखेच. गरम पाण्यात बुडवून बसलं की जरा सुटतात. बोटांच्या मुळाशी सूज. बरणी उघडत नाही, नळ घट्ट असला तर फिरत नाही. अंगठी साबण लावूनही निघत नाही. दिवस वर आला की बरं वाटतं म्हणून कोणाला कळत नाही. औषधाच्या दुकानातून दुखायच्या गोळ्या आणून रिकाम्या पोटी खाते, मग पोटात आग पडते.

गादीवाली स्टुलावरून पुढे झुकून ऐकत होती. सगळं तसंच. तीळभर फरक नाही. एवढं सगळं या पोरीला होत होतं आणि आपण तिला झाकणांवरून टोचत होतो.

गोळ्यांचं ऐकून डॉक्टरीणबाई चिडल्या. इतकं अंगावर काढायला लहान आहात का, पोटातून रक्त गेलं तर कोण जबाबदार, असं त्यांनी सुनेला खडसावलं. गादीवालीला ते लागलं.

"तिला काय बोलता? दुखतं म्हणून खाल्ल्या असतील. हौस म्हणून खातं का कोणी?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग समजावून सांगितलं. हा वयाचा वात दिसत नाही. सांध्याला आतून अस्तर असतं, तेच सुजतं. सुजलेलं अस्तर शेजारचं हाड खात जातं, आणि मग बोटं वाकतात. तेल चोळून ते थांबत नाही. पण आता औषधं आहेत. एक गोळी तर आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, आणि अधूनमधून रक्त तपासत राहायचं. शेक आणि बोटांचे व्यायाम सोबतीला.

"जे वाकलं ते सरळ होत नाही," त्या म्हणाल्या. "पण जे अजून वाकलेलं नाही, ते बहुतेक वेळा वाचवता येतं. लवकर आलं तर."

अस्तर गादीवालीला कळत होतं. आत अस्तर फाटलं की वरून कितीही टाके घाला, गादी बसतेच. ते अक्काला कोणी सांगितलं नव्हतं. तिने घसा साफ केला.

"हे एकाचं दुसऱ्याला लागतं का? म्हणजे एका ताटात जेवलं, एका पाण्यात हात घातले तर?"

नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिवून नाही, उष्टं खाऊन नाही, कशानेच नाही. कधीकधी रक्ताच्या नात्यात असतं, एवढंच. मग सुनेला विचारलं, तुमच्याकडे कोणाला होतं?

"हो," सून म्हणाली. "अक्कांना. शेवटी चमच्याने भरवावं लागायचं."

गादीवाली सुनेच्या पाठीकडे बघत राहिली. अक्का या पोरीच्या रक्ताची कोण? कोणीच नाही. आणि चमच्याची गोष्ट तिने आयुष्यात एकदाच सांगितली होती. नात झाली त्या रात्री, बाळंतिणीच्या उशाशी बसून, ती झोपलीय असं समजून.

"हात दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुनेने हात टेबलावर ठेवले. सडसडीत, सरळ बोटं. एकाही बोटात अंगठी नव्हती. दाभणाने टोचल्याच्या ताज्या खुणा तेवढ्या होत्या, अंगठ्यावर आणि तर्जनीवर. डॉक्टरीणबाईंनी बोटांच्या मुळाशी एकेक सांधा दाबला. दुखतं? हो. इथे? हो. सून शांतपणे हो म्हणत होती, देवळात घंटा वाजवावी तशी ठरलेल्या वेळी. डॉक्टरीणबाई दाबायच्या थांबल्या. त्यांची नजर टेबलावरून वर आली, सुनेच्या खांद्यावरून मागे, शालीवर. त्यांनी कागद ओढला.

"रक्त काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "बाहेर बाई आहेत, त्या काढतील."

सून उठली. बाही कोपरापर्यंत वर सारली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबून एकदाच मागे वळून बघितलं.

गादीवालीला त्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. ती बाई अजून तिथेच बसली होती. तिच्या मुलीने पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला होता, आणि पिताना बाईने डोळे मिटले होते.

शालीत गुंडाळलेले हात सोडवायला वेळ लागला. कोणी मदतीला आलं नाही, आणि ते बरंच झालं. मग तिने स्टूल पुढे सरकवलं, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, उजेडात, सुजल्या सांध्यांसकट, मांसात रुतलेल्या अंगठीसकट. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या सांध्याला हात लावला तसा तिचा हात आपोआप मागे गेला. तिने तो पुन्हा पुढे आणला. मग मान वळवून दारात उभ्या सुनेला म्हणाली,

"झाकण तुला लावता येत नाही, आणि खोटंही धड बोलता येत नाही. दाबल्यावर हात मागे घ्यायचा असतो, बये. आणि तास कुठला? मूठ वळायला दुपार होते."