गच्चीवरचा घास

मांजराने दयाळ पक्ष्याची मादी नेली ती सलोनीच्या डोळ्यांदेखत. नम्रता धावत बाहेर आली तेव्हा मांजर भिंतीपलीकडे गेलं होतं आणि नळापाशी पिसांचा पुंजका उरला होता. तिने एक पीस उचलून उजेडात धरलं. नराचं असतं तर काळं कुळकुळीत असतं. हे राखाडी होतं.

"आईच गेली," ती म्हणाली.

विश्रांतवाडीतल्या त्यांच्या अंगणात आंब्याच्या खोडाला लाकडी घरटं टांगलेलं होतं. आणलं होतं चिमण्यांसाठी, पण चिमण्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग दयाळ पक्ष्यांची जोडी त्याच्याभोवती घुटमळू लागली, तेव्हा नम्रताच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, कानस घेऊन भोक मोठं करून दिलं. आत आता तीन पिल्लं होती आणि तिन्ही ओरडत होती.

"मी शिडी आणते," नम्रताची सोळा वर्षांची लेक सलोनी म्हणाली. "बॉक्स काढू, कापसात ठेवू, ड्रॉपरने दूध देऊ. सिंपल."

"थांब. आधी आमोदला विचारते."

आमोद नम्रताचा कॉलेजातला मित्र. रविवार आला की दुर्बीण घेऊन रानोमाळ हिंडणारा. त्याने फोनवर सगळं ऐकून एकच विचारलं, "पिल्लांना पिसं आलीत?"

"आलीत. कालपासून भोकातून डोकी काढतायत."

"मग ऊब लागणार नाही, मे महिना आहे. बाप एकटा भरवू शकतो. दूध नको, पोळी नको, ड्रॉपरने पाणी तर अजिबात नको. श्वासनळीत गेलं की संपलं. झाडाखालची माती भिजव, किडे वर येतील. आणि सगळे आत जा. तुम्ही खाली उभं राहून कळवळत बसलात तर तो येणारच नाही."

"नाहीच आला तर?"

"दुपारपर्यंत एकदाही आत गेला नाही, तर काढून माझ्याकडे आणा. पण खरं सांगू? बापाने वाढवलेलं पिल्लू जगतं. मी वाढवलेल्याची खात्री नाही."

नम्रताने ऑफिसला 'आज घरूनच' असं कळवलं, आंब्याच्या बुंध्याशी पाण्याची नळी सोडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहिली.

नर आला. चोचीत हिरवी अळी होती. तो कुंपणाच्या तारेवर बसला, शेपटी वर-खाली केली, घरट्याकडे झेपावला आणि अर्ध्यातून वळला. आंब्यावर कावळा उतरला होता.

हा कावळा कुठून आला ते नम्रताला चांगलंच ठाऊक होतं. सासूबाईंच्या दहाव्याला आळंदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघू लागले, तेव्हा आप्पांनी हात जोडून मोठ्याने सांगितलं, "रोज तुझ्या नावाने घास ठेवीन." कावळा शिवला. त्या दिवसापासून आप्पांनी सकाळचा भात अंगणातल्या भिंतीवर ठेवला नाही असं झालं नव्हतं. कावळे वेळेआधीच हजर असत.

इतके दिवस त्याने बिघडलं नव्हतं. नर कावळ्यांवर धावून जाई आणि मादी भोकापाशी पहारा करी. आता एकट्याने हाकलायचं की भरवायचं? नराने अळी टाकली आणि कर्कश ओरडत कावळ्यावर झेप घेतली. कावळा फांदीभर सरकला. दुसरा आला. मग तिसरा.

उपाशी पिल्लं आणखी ओरडू लागली. त्यातलं एक गळ्यापर्यंत भोकाबाहेर आलं. आप्पांनी वाढवलेल्या भोकातून कावळ्याची चोच आरामात गेली असती.

नम्रता बाहेरच्या खोलीत आली. आप्पा ताटलीत भात कालवत होते.

"आप्पा, आज घास नको."

"का? कावळ्यांचा उपास आहे?"

तिने सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. बोटं भातातच थांबली होती.

"आणि कावळ्यांना कसं कळवायचं? 'आज बंद आहे' अशी पाटी लावू?"

त्यात तथ्य होतं. भात नसला तरी कावळे वाट बघत तिथेच बसणार होते, भुकेले.

"दुसरीकडे ठेवू. गच्चीवर, मागच्या बाजूला."

"गुडघ्यांनी गच्ची सोडून दोन वर्षं झाली, नम्रता. आणि तिला शब्द दिलाय मी. ती त्या भिंतीपाशी उभी राहायची."

"आजोबा, मी नेते ना!" सलोनीने ताटली घेतलीसुद्धा. जिना धडधडला. वरून तिची हाक आली, "काव काव! अरे, या ना!"

एकही कावळा हलला नाही. एकाने उलट घरट्याच्या छपरावर उडी मारली आणि मान वाकवून भोकाकडे पाहिलं. नर त्याच्या डोक्यावर आदळला. कावळ्याने पंख फडफडवले, पण जागा सोडली नाही. आतला आवाज एकदम थांबला.

नम्रता दाराकडे धावली. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बाहेरचा गलका ऐकून आप्पा उठले होते. ते दारात येताच आंब्यावरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. छपरावरच्या कावळ्याचीही. त्याने आप्पांच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा भोकाकडे.

नम्रता पाहतच राहिली. ते भिंतीला नव्हे, आप्पांना ओळखत होते.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "सलोनीच्या हातून ते खाणार नाहीत."

आप्पांनी भिंतीकडे पाहिलं, घरट्याकडे पाहिलं. मग जिन्याकडे.

"भिंतीवरच ठेवीन असं काही मी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "सलोनी! ताटली घेऊन खाली ये, आणि मला धर. भात सांडलास तर बघ."

जिना बाहेरून होता, उघडा. आप्पा एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने ताटली उंच करून एकेक पायरी चढू लागले. दर पायरीला गुडघा थांबवत होता. "या, या," ते रोजच्यासारखं, जेवायला बसलेल्यांना वाढावं तसं म्हणत होते. आधी फांदीवरचा कावळा उडाला. मग दुसरा. छपरावरचा तेवढा बसून राहिला. आप्पा वळणावर टेकले, धापा टाकल्या, चिमूटभर भात कठड्यावर ठेवला. "तुला काय वेगळं आमंत्रण हवंय?"

तोही गेला.

अंगणात आता नुसता नळीच्या पाण्याचा आवाज होता. नम्रता खिडकीआड परतली. घरट्यातून काहीच ऐकू येत नव्हतं. नर ओल्या मातीवर उतरला, पानं उलटली, काहीतरी लांबट उचललं. तारेवर गेला. चारी दिशांना पाहिलं. मग सरळ भोकाशी जाऊन लटकला, आणि आत एकदम कल्लोळ उठला. तिन्ही आवाज.

तो बाहेर पडला, पुन्हा मातीवर उतरला, पुन्हा गेला.

नम्रताचा फोन थरथरला. गच्चीवरून आप्पा बोलत होते, दबक्या आवाजात.

"गेला का आत?"

"दोनदा."

"इथे शितं मोजून टाकतोय. हात आखडला की लगेच आंब्याकडे बघतात, लेकाचे. ताटली संपत आली. आणखी भात लाव. आणि खुर्ची पाठव, मी काही इतक्यात उतरत नाही."

नम्रताने तांदूळ धुतले, कुकर पुढे ओढला, आणि झाकणावरची शिट्टी दिसताच थबकली. खिडकीबाहेर नर तिसऱ्यांदा तारेवर येऊन बसला होता. तिने कुकर आवाज न करता फळीवर ठेवला आणि पातेलं घेतलं.