कपावरची खूण

"सुई सोडली हे उत्तमच झालं. पण सुईनं त्यांना सोडलंय का, तेवढं एकदा तपासून घ्या."

लसीकरणाच्या खोलीतल्या सिस्टर हे इतक्या सहज म्हणाल्या, की जणू तापावर ओली पट्टी ठेवायला सांगत होत्या. मांडीवरच्या चिमीनं नुकत्याच टोचलेल्या दंडाकडे बघून भोकाड पसरलं होतं. घरात कोण कोण असतं, एवढंच सिस्टरनी विचारलं होतं आणि चिमीच्या आईच्या तोंडून निघून गेलं होतं, "आम्ही दोघं, ही, आणि माझा दादा. पूर्वी त्याला सुईचं व्यसन होतं. पण दोन वर्षं झाली, आता शिवतसुद्धा नाही!"

"हिपॅटायटिस सी म्हणून आजार आहे," सिस्टर कापूस दाबत म्हणाल्या. "एकानं वापरलेली सुई दुसऱ्यानं टोचली की रक्तातून जातो आणि यकृतात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. बोटाच्या एका थेंबावर कळतं. घेऊन या त्यांना."

"हो, आणते की," ती म्हणाली. मनात मात्र म्हणाली, 'आता सोडलंय ना? मग कशाला उकरायचं!' चिमीला खांद्यावर टाकलं आणि तो विषय तिनं दवाखान्याच्या पायरीवरच ठेवून दिला.

एरवी काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दादा तिला लहानपणापासून 'काळजीबाई' म्हणायचा, ते उगाच नाही. दाराची कडी ती तीनदा बघायची. घरातली प्रत्येक टोकदार वस्तू चिमीच्या भीतीनं वरच्या फळीवर गेली होती. चांगली पदवी घेतलेली बाई, पण व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून दादा जेव्हा राहायला आला, तेव्हा तिनं काय करावं? सहा पांढऱ्या कपांपैकी एक कप उलटा करून त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. दादाचा चहा त्याच कपात. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आपलं लेकरू आहे घरात, एवढंच तिला कळत होतं.

दादा पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटरी नव्यानं गुंडाळायच्या कारखान्यात कामाला होता. केसासारखी तांब्याची तार हजार वेढ्यांत एकही वेढा न चुकवता गुंडाळायची, असं काम. मालक म्हणायचा, हा माणूस नाही, यंत्र आहे! पण हल्ली हे यंत्र घरी आलं की बुटांसकट आडवं व्हायचं. ताट तसंच राहायचं. तिच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस तो अंघोळीला गेलेला बघून तिनं त्याची पिशवी उपसली. पक्कड निघाली, चिकटपट्टी निघाली, डब्यातला अर्धा घास निघाला. दुसरं काही नाही.

"सापडलं का काही, काळजीबाई?" मागून आवाज आला. दादा ओल्या केसांनी दारात उभा होता. त्यानं दोन्ही बाह्या वर केल्या. जुने काळपट व्रण होते. नवा एकही नव्हता. "विचारलं असतंस, तर पिशवीला एवढा त्रास पडला नसता."

"मग एवढा लोळतोस का रे?" तिला दुसरं काही सुचलं नाही.

तो हसला आणि पिशवी पुन्हा भरायला लागला.

आणि मग तो रविवार आला. दादा खिडकीशी चहा पीत होता. अर्धा प्यालेला कप खाली ठेवून तो वळतो न वळतो, तोच चिमीनं तो दोन्ही हातांत धरला आणि ओठाला लावला.

"चिमे! टाक तो!" आईनं झडप घातली. कप फरशीवर फुटला. चिमी घाबरून रडायला लागली. दादा तुकडे वेचायला वाकला आणि त्याचं बोट कापलं. रक्ताची धार लागली तशी ती फडकं घेऊन धावली. पण दादा भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकला.

"जवळ येऊ नकोस! चिमीला आत ने!"

"अरे, केवढं रक्त येतंय!"

"म्हणूनच सांगतोय. माझ्या रक्ताला हात लावू नकोस."

त्यानं बोटावर रुमाल गुंडाळला, वरून कामावरची चिकटपट्टी आवळली आणि फरशी ब्लीचच्या पाण्यानं स्वतः दोनदा पुसली. मग म्हणाला, "आमच्यातला तो बासरीवाला आठवतो तुला? पोट टम्म फुगलं, डोळे पिवळेजर्द झाले आणि गेला. आम्ही दोघं एकाच सुईतले."

"मग तू तपासून का नाही घेतलंस?"

"गेलो होतो ना, चिमीला टोचतात त्याच दवाखान्यात! रक्त काढणाऱ्याला शीर सापडेना. चार वेळा टोचलं आणि मग भरल्या बाकांसमोर ओरडला, 'हाताची चाळण करून ठेवायची आणि वर आमचा वेळ खायचा!' सगळे माना वळवून बघायला लागले. उठलो, बाही खाली केली आणि आलो. ती पायरी मी मेलो तरी चढणार नाही." मग तो फुटलेल्या बुडाकडे बघत म्हणाला, "आणि ती खूण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझा कप मीच धुतो. धुताना उलटा करावा लागतो ना तो."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिस्टरच्या दारात उभी. सगळं ऐकून घेतल्यावर सिस्टरनी विचारलं, "कप वेगळा केलात. आणि दाढीचं रेझर?"

आरशाखालचं एकुलतं एक रेझर तिच्या डोळ्यांपुढे आलं. चिमीचे बाबा आणि दादा, दोघांचं मिळून एक. "माझंच वापर की," असं नवऱ्यानं मोठ्या मनानं सांगितलेलं, आणि रक्ताला एवढं जपणाऱ्या दादाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आणि नेलकटर? दादाचं तेच, नवऱ्याचं तेच, तिचं तेच आणि चिमीचंही तेच!

"हा आजार कपातून होत नाही. एका ताटात जेवलात तरी नाही, मिठी मारलीत तरी नाही. होतो तो रक्तातून. सुई, रेझर, नेलकटर, दात घासायचा ब्रश, या वस्तू ज्याच्या त्याच्या."

"म्हणजे दाराला सात कुलपं लावली आणि खिडकी सताड उघडी ठेवली मी!"

"शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट बोलते," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही खूण आजारावर नाही केलीत, माणसावर केलीत. खुणेला भिऊन माणूस लपतो आणि त्याच्याबरोबर आजारही लपतो. अहो, त्यांचं ते लोळणं, ताट तसंच राहणं यामुळेही असू शकेल, आणि यावर गोळ्या आहेत! बहुतेक जण तीन महिन्यांत पूर्ण बरे होतात."

"पण तो ही पायरी चढणार नाही म्हणतो."

"मग आम्ही उतरतो! बुधवारी दुपारी आमची गाडी मोठ्या पुलाखाली असते. तिथे या. पण आधी तुम्ही सगळे बोट पुढे करा, मग त्यांना सांगा."

घरी येऊन तिनं उपदेशाचा एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "दादा, बुधवारी आम्ही तिघंही रक्त तपासून घेतोय. तू सोबत येशील? मला सुईची भीती वाटते."

दादा खो खो हसला. "सुईला भिणारी बहीण नेमकी माझ्याच वाट्याला यावी! चल, येतो."

बुधवारी गाडीत चौघांनी बोटं पुढे केली. तिचा जीव टांगणीला लागला होता. तिची तपासणीची पट्टी स्वच्छ, एकच रेघ. नवऱ्याची स्वच्छ. चिमीची स्वच्छ निघाली तेव्हा तिनं श्वास सोडला. दादाच्या पट्टीवर मात्र दोन रेघा उमटल्या.

"यावरून विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढंच कळतं," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता आहे का, ते शिरेतल्या रक्तावरून बघावं लागेल."

शिरेचं नाव ऐकताच दादा उठला. बाही खाली ओढून दाराकडे वळला. आता गेला, की पुन्हा येणार नाही, हे तिला दिसत होतं.

सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली. स्टूल पुढे सरकवलं. "दादा, तुमच्या हाताची वाट माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. सांगा, कुठून घेऊ?"

दादा थबकला. आजवर त्याच्या हातांना सगळ्यांनी नावंच ठेवली होती. विचारलं कुणीच नव्हतं! तो सावकाश स्टुलावर बसला.

"डावं मनगट. अंगठ्याच्या वरची बाजू. बारीक सुई घ्या आणि आधी हात जरा कोमट पाण्यात धरू द्या."

पहिल्याच टोचणीत नळी भरली.

"वा! कारागीर आहात."

"आमची तार याहून बारीक असते, सिस्टर," दादा म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी त्याची मान अशी ताठ झालेली बहिणीनं पाहिली.

तपासणीत विषाणू सापडला. गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी चिमी खालून हाक द्यायची, "मामा, गोळी!" आणि मामा वरच्या फळीवरून डबी काढायचा. बारा आठवडे एकही गोळी चुकली नाही. हजार वेढे मोजणारा माणूस तो, गोळी चुकवतोय थोडाच! त्यानंतर आणखी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. विषाणू औषधालाही उरला नव्हता!

"बरे झालात," सिस्टर म्हणाल्या. "पण सुई पुन्हा वाटून घेतलीत तर पुन्हा होऊ शकतो, एवढं ध्यानात असू द्या."

पुढच्या बुधवारी दादा जेवणाच्या सुट्टीत पुलाखाली गेला, तो एका जुन्या सोबत्याला हाताला धरून. घरी कळलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, तो तर अजून घेतो ना? आधी सोडू दे, मग तपासेल."

"काळजीबाई, बुडणाऱ्याला कुणी म्हणतं का, आधी पोहायला शीक, मग हात देतो? तो सोडेल तेव्हा सोडेल. तोवर त्याचं यकृत टिकायला नको?"

हे ऐकून, खरं सांगायचं तर, ती सुखावली.

वर्षभरानं चिमीच्या पुढच्या लशीसाठी ती त्याच बाकावर बसली होती. शेजारच्या खोलीतून ओळखीचा आवाज येत होता. रक्त काढायला शिकणारी सहा मुलंमुली होती आणि मधे, सिस्टरनी बोलावलं म्हणून तीच पायरी चढून आलेला दादा बाह्या वर करून उभा! ज्या हातांना चाळण म्हटलं होतं, तेच हात आता त्यांचं पुस्तक झाले होते. "शीर सापडली नाही तर ओरडू नका," तो सांगत होता, "विचारा. ज्याचा हात आहे, त्याला विचारा."

"कोण हो हे? डॉक्टर का?" बाकावरच्या बाईनं विचारलं.

पूर्वी या प्रश्नाला ती खाली बघायची. आज तिनं सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझा दादा!"

तिच्या घरी आता सहा नवे कप आहेत, एकसारखे. कोणता कुणाचा, ते तिलाही सांगता येणार नाही. नेलपॉलिशची ती बाटली मात्र अजून आहे. आरशाखाली दोन रेझर आहेत आणि फळीवर चार नेलकटर. ठिपके आता त्यांच्यावर आहेत.

वाचकहो, भीती असावी, पण ती योग्य वस्तूची असावी. आजाराला खूण करा, माणसाला नको! तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्यानं कधीकाळी सुई घेतली होती किंवा आजही घेतो. 'आता सोडलंय ना' किंवा 'आधी सोडू दे' म्हणून तुम्हीही त्याचा विषय कुठल्याशा पायरीवर ठेवून आला असाल. आज त्याच्याकडे जा. त्याची पिशवी तपासू नका. शेजारी बसा, त्याच कपातून चहा घ्या आणि विचारा, "रक्त तपासलंस का रे? चल, मी येते सोबत."