टेकडी दिसते

"टेकडी दिसतेय का नाही, तेवढं सांग बाबा," टँकरवाल्याने खालून विचारलं. एका हातात बॅग, दुसरा हात डोळ्यांवर आडवा. हा त्याचा रोजचा प्रश्न होता. रोज सकाळी धावपट्टीकडे जाताना तो गच्चीखाली टँकर थांबवून विचारायचा. आज टँकर नव्हता, बॅग होती.

हवामान कक्षाच्या गच्चीवरचा ज्योतिषी पश्चिमेकडे बघत होता. हवाई दलात भरती झाल्यापासून त्याचं आयुष्य आकाशाकडे बघण्यात गेलं होतं, आणि वाळवंटातल्या या तळावर आल्यापासून तर त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. अंदाज बरोबर आला तर ज्योतिषी, चुकला तर कुडमुड्या ज्योतिषी. काम तसं साधं. फुगा सोडायचा, पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचायचा, हवेच्या दाबाचा काटा बघायचा आणि गच्चीवरून नजर टाकायची. पाण्याची टाकी दिसली तर बरं, पलीकडचा मनोरा दिसला तर आणखी बरं, आणि पार लांबची टेकडी दिसली की विमानांना रान मोकळं. त्याने 'धूळ' लिहिलं की वैमानिक पत्ते काढून बसत.

"दिसतेय," तो म्हणाला.

"मग झालं तर. दुपारी मी विमानात, रात्री आईजवळ."

रसद आणणारं मालवाहू विमान आठवड्यातून एकदा यायचं आणि सामान उतरवून दुपारी परत जायचं. टँकरवाल्याची आई इस्पितळात होती. काल भावाचा फोन आला होता, ती तुझं नाव घेतेय, लवकर ये. दोघं एकाच खोलीत राहायचे, त्यामुळे हे सगळं ज्योतिष्याच्या समोरच झालं होतं. टँकरवाला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक विमानात इंधन भरायचा. "सगळ्या जगाला वाटेला लावतो आणि आपण आहोत तिथेच," हा त्याचा ठरलेला विनोद. आज त्याने तो केला नाही.

टेकडी दिसत होती. पण तिच्या मागे, पश्चिमेला, एक तांबूस रेघ होती. अशा रेघा ज्योतिष्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. वारा आडवा होता, दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. रोज चुलीपुढे उभं राहणाऱ्याला दूध कधी उतू जाणार नाही हेही कळतं, तसं त्याला कळत होतं की ऊन चढलं की ही रेघ तिथेच बसणार.

पण मागच्याच आठवड्यात अशा एका रेघेने त्याला तोंडघशी पाडलं होतं. तो 'स्वच्छ' म्हणाला आणि बघता बघता सगळा तळ धुळीत बुडाला. हवेत असलेलं एक विमान कसंबसं उतरलं. कोणाला खरचटलंही नाही, पण साहेबांनी ज्योतिष्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"तुम्हाला वाटलं म्हणजे काय? तुमच्या वाटण्यावर माझी माणसं उडतात. आणखी एकदा असं झालं तर घराजवळच्या बदलीचं विसरा. इथेच म्हातारे व्हा."

ती बदली आता तोंडावर आली होती. बायकोने घरी खोली रंगवून घेतली होती. मुलगी लहानाची मोठी झाली ती त्याने बहुतेक फोनवरच ऐकली होती, आणि आता ती रोज विचारायची, "बाबा, या वेळी नक्की ना?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात वाईट काही नाही. फक्त हे ताक दुसऱ्याचं होतं. ज्योतिषी खाली उतरला, टेबलाशी बसला आणि त्याने लिहिलं, 'दुपारी धुळीचं वादळ शक्य.' अंदाज मालवाहू विमानाच्या तळावर गेला, आणि थोड्याच वेळात तिकडून निरोप आला की आज विमान निघणार नाही.

टँकरवाला बाहेर बॅगेवर बसून होता.

"अरे, आत्ता तर टेकडी दिसतेय म्हणालास."

"तिच्या मागे धूळ आहे. दुपारी इकडे येईल."

"नक्की?"

एरवी ज्योतिषी म्हणाला असता, आभाळाचं कधी काय नक्की असतं? पण आज तो म्हणाला, "नक्की."

टँकरवाल्याने मान हलवली. "तू म्हणतोस म्हणजे येणारच. धुळीपुढे कुणाचं चाललंय?" त्याने भावाला फोन करून वादळाचं सांगितलं आणि पूर्वेकडे जाणारा ट्रक गाठला. ट्रक, मग रेल्वे, म्हणजे दोन दिवसांचा रस्ता. ट्रक हलला तेव्हा त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"दोरीवर माझी चादर आहे रे. वादळ यायच्या आत तेवढी आत घे."

दुपारभर ज्योतिषी गच्चीवरून हलला नाही. धूळ येऊ नये म्हणून आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस त्या दुपारी धुळीची आळवणी करत होता. "ये ना आता," तो पुटपुटत होता. ती आली असती तर तो खरा ठरला असता, आणि झालं ते दैवाने केलं असं म्हणता आलं असतं. रेघ बसली. संध्याकाळी टेकडी इतकी लख्ख दिसायला लागली की तिच्यावरची झुडपंही वेगवेगळी दिसावीत. साहेब जाता जाता थांबले. "नाही आलं तरी हरकत नाही. सावध असलेलं बरं." ती शाबासकी होती, आणि ती ऐकताना ज्योतिष्याला स्वतःची किळस आली.

चादर दोरीवर कडक वाळली होती, पांढरीशुभ्र. त्याने तिची घडी घालून टँकरवाल्याच्या खाटेवर ठेवली.

टँकरवाला रजा संपवून परतला. तो पोचायच्या आदल्या रात्रीच आई गेली होती.

"भावाने तिला सांगितलं, तिकडे वादळ आहे म्हणून उशीर होतोय," बुटाची नाडी सोडत तो म्हणाला. "तर म्हणाली, मग निघू नको म्हणावं त्याला. वादळात कशाला निघायचं? तेवढंच बोलली. मग नाही बोलली."

टँकरवाल्याने दुसरा बूट काढला.

"आम्ही पुढे निघून गेलो, मागचं काही कळलं नाही. मोठं आलं का रे?"

खरं सांगायला ज्योतिष्याने तोंड उघडलं होतं. पण ती म्हातारी मुलाला ज्या वादळापासून जपत गेली, ते वादळ नव्हतंच हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"हो," तो म्हणाला. "मोठं आलं."

हे आपण तिच्यासाठी म्हणालो की स्वतःसाठी, ते त्याला नंतरही कधी ठरवता आलं नाही.

टँकरवाल्याने चादर उलगडली आणि तिच्यावरून हात फिरवला. "बरं केलंस, वेळेवर आत घेतलीस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पण खोटं लपवायला तळ फारच लहान होता. जेवणाच्या रांगेत, कोणीतरी, सहज बोलता बोलता सांगून गेलं असणार. टँकरवाल्याने काही विचारलं नाही. भांडला नाही, खोली बदलून मागितली नाही, चहा आणायला गेला की दोघांचा आणायचा. भांडला असता तर ज्योतिष्याने त्याचे पाय धरले असते. तीही सोय त्याने ठेवली नाही.

बदलीचा हुकूम हातात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतिषी गच्चीवर उभा होता. टँकर नेहमीच्या जागी येऊन थांबला.

"टेकडी दिसतेय," न विचारताच ज्योतिषी वरून म्हणाला.

टँकरवाल्याने मान वर केली नाही. तो खाली उतरला, हात डोळ्यांवर आडवा धरून बराच वेळ स्वतःच टेकडीकडे बघत राहिला. मग टँकरमध्ये चढला आणि विमानांकडे निघून गेला.