दोन बोटं उघडं दार

बियाण्यांच्या थंड खोलीवर मावशींनी तेवीस वर्षं काढली होती. बाहेर उन्हाने जीव चालला असला तरी अंगात जाड कोट चढवायचा, उणे अठरा अंशांत शिरायचं, तापमापक वाचायचा आणि बाहेर येऊन वहीत आकडा लिहायचा. दिवसातून तीन वेळा. दार कोणी क्षणभर जास्त उघडं ठेवलं तर मावशी केंद्राच्या साहेबांनाही सोडत नसत.

आत चार हजार पाकिटं होती. नवी चकचकीत, हवाबंद. जुनी मात्र कागदाचीच. त्या कागदी पाकिटांतल्या एकात त्यांच्या वडिलांचा घेवडा होता, पांढरा दाणा आणि डोळ्याशी काळा ठिपका. वडिलांचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलं त्या वर्षी त्यांनी स्वतः हे पाकीट इथे आणून दिलं होतं. त्या पाकिटाबाहेर तो घेवडा कुठेच उरला नव्हता.

यंदा धाकट्या भावाला घरामागे चार वाफ्यांची जागा मिळाली होती. दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा.

"ताई, अण्णांचा घेवडा देतेस, की आणखी वीस वर्षं त्याला थंडीत कुडकुडत ठेवतेस?"

"उगवण तपासल्याशिवाय दाणा बाहेर निघत नाही. तपासणी झाली की निम्मे तुझे. तोवर वाफे खणून ठेव. पाठ जरा मोडू दे तुझी."

अशात वरच्या कार्यालयाने बिनतारी यंत्रं धाडली. ती बसवायला आलेला यंत्रवाला पोट सुटलेला आणि तोंडाने सैल होता. काड्यापेटीहून जरा मोठ्या सहा पांढऱ्या डब्या. दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत एकेकीचं बटण दाबून धरायचं, तिला नंबर द्यायचा आणि फळीला अडकवायची. बाहेरच्या भिंतीवर ऐकणारी डबी. दर दहा मिनिटांनी सहाही जणी आपापलं तापमान तिला कळवणार आणि ते थेट वर जाणार.

"मावशी, वही मिटा आता. ह्या न विचारता बोलतात."

"आमच्या ह्यांच्या अगदी उलट," मावशी म्हणाल्या.

मग दार लावलं आणि पडद्यावर सहाही डब्या लाल झाल्या. भिंत वीतभर जाड, दोन्ही अंगांनी पत्रा. आतली हाक बाहेर येईना. दार उघडलं की हिरव्या, लावलं की लाल. यंत्रवाल्याने डोकं खाजवलं. आतली हाक तारेने बाहेर आणणारी आणखी एक डबी लागेल म्हणाला, मागवतो म्हणाला आणि गेला.

ती डबी यायला अकरा आठवडे लागले.

तोवर रोज संध्याकाळी साहेबांना वरून फोन. आज इतके आकडे गायब, आज तितके. वहीतले पाठवू का, असं साहेबांनी विचारलं, तर हाताने लिहिलेलं आता धरत नाहीत म्हणे. ज्या केंद्राचे आकडे येत नाहीत ते बंद करायचा विचार चालू होता. साहेब जेवणाचा डबा न उघडताच घरी जायला लागले.

मावशींना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला, चार घड्या घातल्या आणि दाराच्या फटीत बसवला. दार दोन बोटं उघडं राहिलं. सहाही डब्या हिरव्या.

"मावशी, लाज राखलीत माझी," साहेब म्हणाले. मावशी दिवसभर हवेत होत्या.

तापमान चढलं तशी डब्यांनी बोंब ठोकली. यंत्रवाल्याने फोनवरच धोक्याची मर्यादा वर सरकवली. आकडा अधिक सातवर जाऊन बसला.

"बियाण्याला चालेल ना?" मावशींनी विचारलं.

"लोक घरात पत्र्याच्या डब्यात ठेवतातच की," साहेब म्हणाले. मावशींना आईचा डबा आठवला आणि पटलं. आत जायचं कामही आता उरलं नव्हतं. आत काय चाललंय ते डब्या सांगत होत्या, पण त्यांना फक्त तापमान कळत होतं. फटीतून दमट हवा आत येत होती आणि कागदी पाकिटं ती पीत होती.

शेवटी जादा डबी आली. पुठ्ठा निघाला, दार लागलं, दोन दिवसांत खोली पुन्हा उणे अठरावर गेली. मावशी आत गेल्या तेव्हा जुन्या पाकिटांवर बर्फाची लव आली होती. त्यांनी ती कोटाच्या बाहीने पुसली.

तपासणीला त्यांनी वडिलांच्या पाकिटातले वीस दाणे ओल्या कागदात गुंडाळले. दहाव्या दिवशी उघडले तर वास मारत होते. एकालाही मोड नव्हता. इतर कागदी पाकिटांचंही तेच. तपासणीच्या बाईंनी दाणा नखाने दाबला, तर तो लोण्यासारखा चेपला.

"ओलं बी गोठलं की आतून फाटतं, मावशी. सुकं असतं तर शंभर वर्षं राहिलं असतं."

मावशींनी भावाला फोन केला. "दार मी उघडं ठेवलं," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही. मलाच सुचलं."

"उरलेत किती?"

"एकसष्ट."

"त्यांचं काय करतात आता?"

"फेकून देतात."

"मग माझ्याकडे फेक."

रविवारी तो मावशींच्या घरी आला. चहा तसाच निवत राहिला. दोघा भावंडांनी ओट्यावर ओलं फडकं पसरून एकेक दाणा अंतराने मांडला. जाताना तो एवढंच म्हणाला, "वाफे तयार आहेत."

मग त्याचा फोन रोज यायला लागला. सहाव्या दिवशी एका दाण्याची साल उकलली आणि आत पांढरं टोक दिसलं. मावशींनी ते भावाला सांगितलं नाही. सातव्या दिवशी टोक काळं पडलं.

"काय गं?"

"काही नाही."

"उद्या बघशील ना?"

"बघते," मावशी म्हणाल्या. फडकं त्यांनी सकाळीच धुऊन वाळत घातलं होतं.