डाव्या पायाचा गिअर

"पंजा लिव्हरच्या खाली घाला आणि वर उचला," दुकानदार म्हणाला. "एवढंच. क्लच नाही, काही नाही."

थोरलीनं पंजा लिव्हरखाली घातला. उचलला मात्र गेला नाही. म्हणजे तिच्या बाजूनं हुकूम सुटला होता, पण डाव्या घोट्याच्या खाली तो पाळणारं कुणी राहिलं नव्हतं. मग तिनं गुडघ्यातून अख्खा पायच वर खेचला. लिव्हर जराशी हलली, खटकन परत बसली आणि बूट निसटून बाहेर आला. दुकानदारानं ते पाहिलं. माणूस बरा असावा, कारण लगेच चष्मा काढून पुसायला लागला.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, गाडीभोवती फिरून टायरच्या नक्ष्या दाबून बघत होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता. लाल रंगाची, चार जाड चाकांची, पुढे-मागे लोखंडी जाळ्यांची ती एटीव्ही त्याला बघताक्षणी आवडली होती. बाबा दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

गाडी घ्यायची ठरली होती ती थोरलीच्या पायासाठी. घरात हे सगळ्यांना मान्य होतं. आणि घरात मान्य झालेली गोष्ट जितकी पाळली जाते, तितकीच हीही पाळली गेली.

त्यांचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. मागे मेंढ्यांचा गोठा आणि त्याच्यावर उतारानं एकावर एक चढत गेलेली कुरणं. प्रत्येक कुरणाला तारेचं कुंपण आणि एक फाटक. वरच्या कुरणात पाणी नाही. तिथल्या हौदात पाणी भरायचं, मिठाचे खडे टाकायचे, वाकलेले खांब सरळ करायचे, विणीच्या दिवसांत अडलेली मेंढी शोधून काढायची, हे सगळं थोरली करायची. पाण्याचे कॅन एकचाकी ढकलगाडीत घालून वर न्यायची, दम खात, लंगडत. गेल्या थंडीत डॉक्टरांनी तिच्या घोट्याचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, चढ बंद. ऐकलं नाही तर लवकरच घरातल्या घरातही काठी लागेल.

त्यावर बाबांनी जेवताना सांगून टाकलं की वर जाणारं कुणी नसेल तर वरची कुरणं विकायची आणि मेंढ्या निम्म्या करायच्या. उगाच कुणाचे हाल नकोत. थोरलीनं हातातला घास परत ताटात ठेवला. संसार तिनं केला नव्हता, गाव सोडलं नव्हतं. त्या मेंढ्या आणि तो चढ एवढंच तिच्या नावावर होतं, तेही नुसतं बोलण्यापुरतं, कारण कागदावर सगळं बाबांचंच होतं. एटीव्ही घेऊ या, हे तिनंच सुचवलं. बाबांनी दोन दिवस जाऊ दिले. मग म्हणाले, धाकट्याला येऊ दे, त्याला यंत्रांतलं कळतं.

आता त्या पायाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धाकटा शिकायला बाहेर होता त्या काळातली गोष्ट. घरी तेव्हा ट्रॅक्टर होता. बाबा तो मागे घेत होते, थोरली ट्रॉलीचा दांडा उचलून पिन घालायला मधे उभी होती. कुंपणापलीकडून शेजारी काहीतरी म्हणाला, बाबा मान वळवून त्याच्याशी बोलायला लागले आणि ट्रॅक्टर मागे येतच राहिला. ती ओरडली. बाबांना ऐकू आलं, पण ऐकू येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं होतं.

दवाखान्यात बाबांनी सांगितलं, घसरून पडली. खाटेवरून थोरलीनं मान डोलावली. बाप रडवेला झाला होता, त्याला आणखी काय बोलायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेजाऱ्यानं कुणाला न सांगण्याचा बाबांना शब्द दिला आणि तो पाळला. धाकट्यालाही घसरल्याचीच गोष्ट कळली. महिन्याभरात बाबांनी ट्रॅक्टर विकला. तो डोळ्यांसमोर नको म्हणाले. लोकांनी वाखाणणी केली, लेकीवर केवढी माया बघा म्हणाले. मायेचा कळवळा खरा असेलही, पण ट्रॅक्टर गेल्यावर त्याच्यावरचं ओझं कुणाच्या अंगावर आलं, हे त्या मायाळू लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. थोरलीनं प्लॅस्टर निघाल्यावर ढकलगाडी धरली ती धरलीच.

तर लाल गाडीवरून ती उतरली, तेव्हा दुकानदार हळूच म्हणाला की मागे एक ऑटोमॅटिक आहे, ती एकदा बघा. मातकट हिरव्या रंगाची, दिसायला लाल गाडीपुढे अगदीच गरीब. डाव्या पायाला कामच नाही. अंगठ्यानं रेस द्यायची, हातानं ब्रेक दाबायचा, पुढे जायचं की मागे हे उजव्या हाताच्या दांडीनं ठरवायचं. किंमत जवळपास तीच.

थोरली तिच्यावर बसली आणि दुकानामागच्या आवारात निघाली. आधी गोगलगाईसारखी, मग जराशी बेतानं, मग रचून ठेवलेल्या नांगरांना वळसा घालून चांगली दणक्यात. कोपऱ्यात खडीचा ढीग होता. त्याच्यावर तिनं गाडी चढवली, थांबवली, मागे वळून बघितलं आणि तशीच मागे घेत खाली उतरवली. कुणावर ओरडावं लागलं नाही, कुणाची वाट बघावी लागली नाही. ती एकटीच हसली. वरच्या हौदाशी सकाळच्या उन्हात आपण कशा पोचू, मेंढ्या आधी आवाजाला कशा बिचकतील आणि मग कशा सवयीनं धावत येतील, सगळं तिला दिसून गेलं. इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं. हे एक मागायचं, असं तिनं ठरवलं.

केबिनमध्ये चहा आला होता. धाकट्याचं बोलणं चालू होतं. ऑटोमॅटिकमध्ये पट्टा असतो, तो चिखलात घसरतो, गिअरची गाडी कशी दणकट, ओझं ओढायला तिला तोड नाही. दुकानदारानं सांगून बघितलं की हल्लीच्या पट्ट्यांचं तसं काही राहिलं नाही आणि तुमच्या उतारासाठी दोन्ही चालतील. पण धाकट्याचं ठरलं होतं. सुटीच्या दिवशी आपण मुलांना घेऊन येऊ, वर टेकडीवर एक चक्कर मारू, हेही त्यानं सांगून टाकलं. ज्याच्या लग्नाची वरात तो राहिला बाजूला, आणि वऱ्हाडीच घोड्यावर.

"ताईंना डावा पाय उचलता येत नाही," दुकानदार म्हणाला. मग चहाच्या कपाकडे बघत त्यानं विचारलं, "काय झालं होतं पायाला?"

थोरलीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी बशी खाली ठेवली, नीट, आवाज न करता.

"घसरून पडली होती," ते म्हणाले. "जुनी गोष्ट आहे."

थोरलीला याचा राग आला नाही. हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की तेच खरं असल्यासारखं तिलाही कधीकधी वाटायचं. तिला वाटलं, ठीक आहे, पाय कसा मोडला ते राहू दे. किती मोडला तेवढं तरी यांना माहीत आहे. या खोलीत आपल्यानंतर ते फक्त यांनाच पुरतं माहीत आहे. आता एक शब्द बोलतील.

"बाबा," ती म्हणाली, "मला लाल गाडी चालवता येणार नाही. हिरवी येते. आत्ताच चालवून आले."

धाकट्यानं बापाकडे बघितलं. तो वाईट नव्हता. बाबा 'हिरवी' म्हणाले असते तर तो चार मिनिटं फुगून बसला असता आणि मग गाडीवर घालायला ताडपत्री शोधायला लागला असता. पण बाबा थोरलीच्या पायाकडे बघत नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी त्या पायाकडे कधी बघितलंच नव्हतं. घरात तिचा डावा बूट उंबऱ्यात आडवा पडला असला तरी ते वळसा घालून जायचे.

"त्याला आवडलीय तर तीच घेऊ," बाबा म्हणाले. "तुला कशाला चालवायला हवी? मी आहे ना. मी नेईन वर सगळं. तुझ्या पायाला आराम."

सगळं मुसळ केरात. थोरलीच्या तोंडावर आलं होतं. ट्रॅक्टर, शेजारी, तिची हाक, सगळं त्या केबिनमध्ये, चहाच्या कपांसमोर मांडावं असं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिनं बाबांचे हात बघितले. त्या हातांनी गुडघे घट्ट आवळून धरले होते, आणि ती काय बोलेल या भीतीनं धरले होते हे तिला कळलं. म्हणजे त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. विसरले असते तर तिनं माफ केलं असतं.

तिनं कप उचलून चहा संपवला. सही बाबांची होती, ती झाली. निघताना दुकानदारानं टाकीवरचा स्टिकर दाखवून बजावलं की ही एकाच माणसाची गाडी आहे, मागे कुणाला बसवायचं नाही. धाकट्यानं मान डोलावली.

गाडी आली त्या रविवारी धाकट्यानं मन भरून चालवली, बाबांना शिकवली आणि संध्याकाळी निघून गेला. सोमवारपासून बाबा वर जायला लागले. उतारवयात त्यांना नवं खेळणं मिळालं होतं. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, पोरीच्या पायासाठी घेतली. ऐकणारे पुन्हा वाखाणणी करायचे.

पण फाटकांचं काय, हे कुणी विचारात घेतलंच नव्हतं. बाबांची कंबर धरलेली. एकदा बसले की बसले, दर फाटकाशी उतरून अडसर काढणं आणि पुन्हा चढणं त्यांना जमेना. मागे बसायची सोय नाही. मग थोरली त्यांच्या आधी चढ चढून जायची, फाटक उघडून धरायची, गाडी गेली की लावून घ्यायची आणि पुढच्या फाटकाशी पोचायला पावलं उचलायची. बाबा तिथे इंजिन चालू ठेवून थांबलेले असायचे. कधीकधी हॉर्न वाजवायचे. ढकलगाडी होती तेव्हा ती निदान आपल्या चालीनं चालायची. डॉक्टरांनी चढ बंद सांगितला होता तो असा बंद झाला. काठी तिनं गोठ्यातलीच एक घेतली. घरात कुणी विचारलं नाही, कारण घरात विचारणारे एकच होते.

खांब न्यायचा दिवस आला तेव्हा ट्रॉली जोडावी लागली. ट्रॉली गोठ्यासमोर उभी होती, दांडा जमिनीवर टेकलेला. बाबा गाडीवर बसले. पुढे घेतली, वळवली, थांबवली. उलटा गिअर टाकताना लाल गाडी नेहमी हिसका द्यायची, त्यांना ते अजून साधलं नव्हतं.

"ये," ते मान न वळवता म्हणाले. "दांडा धर, पिन घाल. मी मागे घेतो."

तेवढंच बोलून ते थांबले. इंजिन धडधडत होतं. त्यांची पाठ ताठ झाली होती आणि मानेवरच्या शिरा वर आल्या होत्या. काय बोलून गेलो ते त्यांना कळलं असावं. थोरली वाट बघत राहिली. खूप वाट बघितली. ते उतरले असते, निदान वळून तिच्याकडे बघितलं असतं, तरी पुरलं असतं.

"येतेस ना?" बाबा म्हणाले.

ती गेली. काठी गोठ्याच्या भिंतीला टेकवली. वाकून दांडा उचलला, पिन दातांत धरली आणि गाडी आणि ट्रॉली यांच्या मधे उभी राहिली. मग तिनं जरा विचार केला आणि पाय बदलले. उजवा मागे घेतला, चाकापासून लांब. डावा पुढे ठेवला. जायचा तो गेलेलाच होता.

पिन हातात घेऊन ती म्हणाली, "घ्या मागे."