पडलेल्या पोरीचं नाव

अणदूरच्या आबाराव पैलवानांच्या घरात बर्फावरच्या कसरतींचं वेड कसं शिरलं, असं कुणी विचारलं की त्यांच्या बायको मथुराबाई सरळ सुनेकडं बोट दाखवायच्या. वृषालीला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी शेवटचे महिने पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं, आणि ती पडून पडून वैतागली. मग नणंदेनं, म्हणजे राजेश्वरीनं, आपला मोबाईल टीव्हीला जोडून दिला. एका दुपारी मालिका शोधता शोधता भलतीकडंच बोट लागलं आणि पडद्यावर यानिका अवतरली.

यानिका युरोपातल्या एका इवल्याशा देशातली. पायात पाती लावलेले बूट, अंगात चमचमता झगा. बर्फावरून घसरत यायची, हवेत उडी मारून गिरक्या घ्यायची आणि एका पायावर अलगद उतरायची. तीनदा जगज्जेती झालेली. पहिल्या दिवशी मथुराबाई एवढंच म्हणाल्या, "एवढ्या थंडीत झग्याला बाही न्हाय व्हय?" आठवडा सरेपर्यंत त्या तव्यावरची भाकरी सोडून उडी बघायला पळत येऊ लागल्या. भाकरी करपली की दोष अर्थातच सुनेचा.

आबाराव आधी तोंड वाकडं करून बसायचे. तरुणपणी त्यांनी अणदूर ते अक्कलकोट सगळे आखाडे गाजवले होते, आणि लाल मातीशिवाय दुसऱ्या कशाला ते खेळ मानत नव्हते. पण एकदा यानिकाच्या मांड्या नीट बघून ते म्हणाले, "पोरगी तालमीतली हाय. बैठका मारल्याबिगर असा पाय हुत न्हाय." झालं, त्या घरात यानिकाला घरच्यासारखं स्थान मिळालं. आबारावांचे शेजारी राहणारे चुलतभाऊ उत्तरेश्वरही चहाच्या वेळेला येऊन खुर्ची अडवू लागले. पूर्वी ते फक्त चहा उडवायचे.

वृषालीला मुलगी झाली आणि नावाचा प्रश्न निघाला. आता नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यात कुणी नाक खुपसायचं नसतं. राजेश्वरीनं जाहीर केलं, "यानिका." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाळाचा बाप युवराज भाजीची गाडी घेऊन सोलापूरला निघाला होता, तो गाडीतूनच म्हणाला, "झकास हाय." मथुराबाईंनी तर नातीला तेल लावताना सरावही सुरू केला. त्यांच्या तोंडी ते नाव यानुबाई झालं.

राजेश्वरीला त्या दिवशी किती बरं वाटलं, ते तिचं तिला ठाऊक. गेल्या वर्षभरात त्या घरात तिचा असा शब्द कुणी झेलला नव्हता. गेल्या पोलीस भरतीत ती धाराशिवच्या मैदानावर आठशे मीटर धावायला उतरली होती. सोबत आई गेली होती, पण ती म्हणे तेवढा वेळ चहाच्या गाड्यावर बसली होती. शेवटच्या वळणावर पाय घसरला आणि ती सपशेल पडली. उठून पळाली, पुरं केलं, पण थोडक्यात राहिली. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पुढच्या भरतीचा विषय काढला की आई उठून भांडी घासायला जायची, घासलेली असली तरी. आणि हल्ली मामांच्या फोनवर स्थळांचे फोटो यायला लागले होते.

बारसं सव्वा महिन्यानं ठरलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात यानिकाची मोठी स्पर्धा आली. ती पूर्वेकडं कुठंतरी होती, त्यामुळं इथं भर दुपारीच दिसणार होती. मथुराबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन टीव्हीवरून दृष्ट काढली. उत्तरेश्वर म्हणाले, "वैनी, एवढं करून हरली तर मोहऱ्यांचं नाव खराब हुईल." मथुराबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गपगुमान बशीत चहा ओतू लागले.

आणि यानिका पडली. पहिल्याच मोठ्या उडीला पडली. उठली, दोन वळणं घेतली, दुसऱ्या उडीला पुन्हा पडली. वाद्यं वाजतच होती. ती उठून सुरांच्या मागं धावली, त्यांना गाठलं आणि शेवटपर्यंत नाचून हात पसरून उभी राहिली. नंबर आला सातवा. सतरा वर्षांची एक पोरगी पहिली आली, तिचं नाव त्या घरात कुणाला उच्चारताही आलं नाही.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"संपली," उत्तरेश्वर म्हणाले. "तिशीला आली बाई. येळेवर थांबायला पायजे हुतं. आता लोक ही सातवी आल्यालीच ध्यानात ठिवणार."

"तीनदा जग जिंकल्यालं काय पाण्यात गेलं का?" राजेश्वरी म्हणाली.

"म्या कुठं तसं म्हणतो? पण शेवट गोड व्हावा लागतो बघ."

"मग काका, आपला खंडोबा सध्या कुठं हाय?"

उत्तरेश्वर चपापले. अणदूरचा खंडोबा दरसाल थंडीत नळदुर्गला मुक्कामाला जातो. मूर्ती एकच, देवळं दोन, आणि दोन्ही गावांचा तसा जुना करारच आहे. "नळदुर्गला हाय की. का?"

"मग अणदूरचं देऊळ मोडीत काढायचं का? देव तिकडं गेला म्हणून पायरी काय पायरी ऱ्हात न्हाय का?"

वृषाली पलंगावरून हसली. उत्तरेश्वरांनी मुद्दा मनातल्या मनात उलटासुलटा करून बघितला, पण त्यांना फट सापडेना. "ते देवाचं झालं," ते म्हणाले. "देव परत येतो. माणसाचं तसं न्हाय."

शेवटी दोघांनीही आबारावांकडं बघितलं. कुस्त्यांच्या फडात पंच म्हणून त्यांना अजून मान होता. आबाराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पाठीला माती लागली का, हे बघायचं असतं. ही पडली ती बुडावर पडली. आता बर्फावर काय नियम हाय, मला काय म्हाईत." आणि निकाल न देताच ते हरभऱ्याला पाणी द्यायला निघून गेले.

नातीच्या झबल्याची घडी घालत मथुराबाई म्हणाल्या, "नाव बदलायचं. पडल्याल्या पोरीचं नाव माझ्या नातीला नगं."

"आई, अगं तूच तर यानुबाई म्हणतीस की."

"म्हणत हुते. विजया ठिव. चांगलं नाव हाय, कुणाला बी बोलता येतं."

"आई, मी बघितलं ना, ती कशी उठली ते," वृषाली सासूला म्हणाली. "ताईंचा मान हाय, त्या ठेवतील ते ठेवू द्या की तुम्ही."

"तू गप पड," मथुराबाई म्हणाल्या, आणि उठून भांडी घासायला गेल्या.

राजेश्वरीच्या ते मनाला लागलं. नुसतं लागलं नाही, रुतून बसलं. तिला वाटलं, आई यानिकाबद्दल बोलतच नाही. पडलेल्या पोरीचं नाव नको, म्हणजे पडलेली पोरगीही नको. तिनं दुपट्यातल्या भाचीकडं बघितलं. भाची जांभई देत होती. तिला काय, विजयाही चालली असती.

पुढचे दिवस वाद तसाच भिजत पडला. उत्तरेश्वर रोज चहाला येऊन यानिकाला एकदा निवृत्त करायचे आणि जाताना पुन्हा मैदानात उतरवायचे. मथुराबाई कामं करता करता "विजया, विजया" असं पुटपुटून नातीला सवय लावायच्या. राजेश्वरी बोलणंच टाकून बसली. आईनं तो होकार धरला. आणि खरं सांगायचं तर बारशाच्या दिवशी सकाळी नवी काठपदरी नेसताना राजेश्वरीनंही मनातून तसंच ठरवलं होतं. कोण भांडणार? विजया तर विजया. नावापायी आईचं तोंड सणाच्या दिवशी कशाला पाडायचं?

बारशाला अर्धं गाव लोटलं. पाळण्याला झेंडू बांधले होते, फुगेही होते. बायकांनी सजवलेला वरवंटा पाळण्याखालून इकडून तिकडं दिला, मग बाळ दिलं. परातीतल्या घुगऱ्या वाटता वाटता फरशीवर सांडत होत्या, आणि पोरं त्या खाण्यापेक्षा फेकतच जास्त होती. शहाबादी फरशी सकाळीच धुऊन पुसलेली, आरशासारखी. पुरुषमंडळी दारात गर्दी करून उभी होती.

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. अणदूरच्या बायका ही रीत फार मनापासून पाळतात. वर्षभराची उधारउसनवारी, पाण्यावरची भांडणं, सगळं त्या दोन धपाट्यांत चुकतं होतं. आणि राजेश्वरीच्या बरोब्बर मागं उभ्या होत्या उत्तरेश्वरांच्या बायको, श्रीदेवीकाकू. जन्मभर भाकरी थापून तयार झालेला हात तो.

पाळणा सुरू झाला. राजेश्वरी वाकली. जिभेवर विजया तयार होती. आणि नाव निघायच्या आधीच काकूंचा हात बसला.

धपाटा तसा सोसला असता, पण पायाखाली घुगरी होती. राजेश्वरीचे दोन्ही पाय पुढं सरकले, निऱ्या सुटल्या आणि ती अख्ख्या गावासमोर फरशीवर धप्पकन बसली. दारातून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत नव्हत्या.

मागच्या म्हाताऱ्यांना पुढचं काही दिसलंच नव्हतं. त्यांनी पाळणा गाणं थांबवलं नाही. त्या आपल्या लयीत पुढच्या कडव्यावर गेल्या.

राजेश्वरीला ते गाणं ऐकू येत होतं. तिला मैदानही आठवलं, तोंडात गेलेली धूळ आठवली, आणि आश्चर्य म्हणजे लाज वाटलीच नाही. उलट हसू आलं. आपण त्या दिवशीही उठलो होतो, हे ती वर्षभर विसरून गेली होती. सगळ्यांसारखंच तीही फक्त पडलेलंच धरून बसली होती.

ती उठली. एका हातानं निऱ्या मुठीत धरल्या, दुसऱ्या हातानं पाळणा, आणि कडवं संपायच्या आत वाकून भाचीच्या कानात सांगितलं. कानात सांगायचं ते तिनं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की दारापर्यंत गेलं.

"यानिका."

बाळानं डोळे उघडले. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "काय म्हणली? जानकी?" राजेश्वरीनं पुन्हा सांगितलं. आईकडं बघायचं धाडस मात्र तिला होईना.

तेवढ्यात दारातून आबारावांचा फडातला आवाज आला. "पाठीला माती लागली न्हाय. कुस्ती चालू हाय." एवढं बोलून त्यांनी घुगऱ्यांचा बकाणा भरला. उत्तरेश्वरांनी शेजारच्याला ऐकवलं, "म्या पहिल्यापासून हेच सांगत हुतो."

पंगत उठली. माणसं पांगली, श्रीदेवीकाकू तीनदा "लई लागलं न्हाय न्हवं?" असं विचारून गेल्या. राजेश्वरी फरशीवरच्या घुगऱ्या झाडत होती. मथुराबाई नातीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. आता हिला विजया करून टाकणार, असं वाटून राजेश्वरीनं केरसुणी जरा जोरातच चालवली.

"त्या दिवशी म्या चहाच्या गाड्यावर नव्हते," मथुराबाई म्हणाल्या.

राजेश्वरी थांबली. "कवा?"

"धाराशिवला. तुला म्हणले की चहा पीत बसले हुते म्हणून. जाळीला लागूनच उभी हुते. तू पडलीस ते बघितलं. त्या टीव्हीतल्या पोरीला पडताना बघितलं आन् पुन्हा तेच डोळ्यापुढं आलं. पोरीनं जपून ऱ्हावं, कुठं पडायचं कामच करू नये, एवढंच मला वाटायलं बघ."

आई आपल्याला मोडीत काढून बसली आहे, असं राजेश्वरी वर्षभर समजत आली होती. आई तर नुसती भ्यालेली होती.

"उठून पळालीस ते बी बघितलं," मथुराबाई म्हणाल्या. "ते कसं काय इसरले कुणास ठाऊक."

त्यांनी नातीच्या गालाला बोट लावलं आणि तिलाच बजावलं. "यानुबाई, आत्याला सांग. भरती जवळ आलीय, उद्या पहाटं पळायला जा म्हणावं. आन् म्या येते म्हणावं, बांधावर बसायला."