फळ्यावर नसलेला रकाना

मित्रांनो, जिन्याखाली भिंतीकडे वळवून ठेवलेला जुना पांढरा फळा म्हणजे मी. आता माझ्याकडे कोणी फिरकत नाही. कधीकाळी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या या कंपनीत सगळ्यांचे डोळे माझ्यावर असत.

पूर्वी इथे पगाराची नुसती कुजबुज चाले. एके दिवशी कंपनीच्या मालकीण मॅडमनी माझ्यावर सहा पायऱ्या आखल्या. कोणत्या पायरीला काय काय यायला हवे आणि पगार किती, हे प्रत्येक कौशल्याचा रकाना पाडून ठळक लिहिले. शेजारी सगळ्यांची नावे. "चला, आता प्रत्येकाला आपली पायरी कळली!" असे कोणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. नियम एकच होता. वरची पायरी असो की नवा रकाना, माझ्यासमोर उभे राहून ज्याने त्याने मॅडमकडे स्वतःपुरते मागायचे. दुसऱ्यासाठी शब्द टाकायचा नाही, म्हणजे वशिला नको.

तिसऱ्या पायरीवर काका होते. नवी मुले अडली की त्यांच्या खुर्चीपाशी जात. हातातले काम बाजूला सारून काका समजावत. मुले शिकत, वर चढत. काका तिथेच. समजावण्यासाठी माझ्यावर रकानाच नव्हता.

"काका, मागा ना रकाना," पाचव्या पायरीवरची एक मुलगी म्हणाली. "मला तुमच्यासाठी बोलता येत नाही, नाहीतर भांडले असते."

"अगं, समजावण्याचे कसले पैसे? तोंडाची वाफ ती!"

"त्या वाफेवरच आमचे पगार शिजलेत, काका."

एकदा सगळे जेवायला गेले असताना काका माझ्यासमोर आले. घसा खाकरला. "मॅडम, मला असं वाटतं..." एवढेच म्हणाले. मग कोपऱ्यातला शाईचा डाग बोटाने पुसून निघून गेले. ऐकणारा मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हते.

त्यानंतर काका आजारी पडले. त्या आजारातून ते उठलेच नाहीत. त्यांची मुलगी त्यांचा स्वेटर न्यायला आली, तेव्हा माझ्यासमोर थांबली. मॅडम शेजारी होत्या.

"बाबा घरी सांगायचे, माझी पोरं भराभर वर चढतायत. मी तर एकुलती एक. मला कळायचंच नाही, कोणाबद्दल बोलतात."

मॅडमनी पेन उचलून 'शिकवणे' असा रकाना आखला. पहिले नाव लिहायला उचललेला हात मात्र तसाच राहिला.

पुढे माझ्या जागी मोठा डिजिटल पडदा आला. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण स्वतःसाठी मागता न येणारे एखादे माणूस तुमच्यातही असेल. त्याच्यासाठी तुम्ही तोंड उघडा, ते समोर बसलेले असतानाच.